यल्लाप्पा ढाकेला पडत न्हाय

माझं नाव संतू, पण तरणा असताना गावात मला भोपळा म्हणायचे, ते आधी लिवून घ्या मास्तर, म्हंजे पुढचं कळंल. आमचं हे गाव निपाणीपासनं चार मैल, चिकोडीच्या वाटंवर, जमीन काळी आणि जमिनीत तंबाखू. दीड एकर बापाची आणि बाकीची दुसऱ्याची, वाट्यानं केलेली. तंबाखू खुडली की चीक हाताला बसतो, हात काळं पडत्यात आणि त्या हातानं मोडलेली भाकरी कडू लागती, मी तर लग्न होईस्तवर भाकरी कडूच असती म्हणून खाल्ली. शाळंत दोन वर्सं गेलो. सही येती. वाचायचं म्हटलं तर अक्षराखाली बोट धरावं लागतंय. म्हणून तुम्ही लिवा, मी बोलतो, आणि मी काय वंगाळ बोललो तर ते पुसू नका, कारण वंगाळच सांगायला बसलोय.

देवानं मला अंग दिलं आणि काळीज द्यायचं विसरला. सोळाव्या वर्साला मी दार वाकून ओलांडायला लागलो, तंबाखूचं बोद, म्हंजे दाबून भरलेलं थोरलं पोतं, दोघं उचलत्यात ते मी एकटा गाडीत टाकायचा. पण मातीला भ्यायचा. कुस्तीच्या मातीला. आमच्या भागात पोरगं जरा अंगानं भरलं की तालमीत नेऊन सोडत्यात, जत्रंत बारक्या पोरांच्या बत्ताश्यांवर कुस्त्या लावत्यात, आणि मी एवढा धिप्पाड, पण तालमीच्या दारावरनं जायचं म्हटलं तरी मागल्या वाटनं वळसा घालायचो. त्याला कारण हाय. माझा चुलतभाऊ हणमा, माझ्यापरास सात-आठ वर्सांनी मोठा, मी लहान असताना जत्रंच्या फडात लढत हुता, मी अगदी पुढं बसलेला, आणि समोरच्या गड्यानं त्याला उचलून टाकला तसा ह्यानं हात खाली टेकला आणि त्याचं कोपर उलटं गेलं. उलटं म्हंजे कसं, वाळलेली शेंग मोडतो तसं, आवाजासकट. हाडवैद्यानं बांधलं पण हात वाकडाच ऱ्हायला. आणि आमचं घर एक, चूल एक, हणमा रोज जेवायला माझ्या समोर बसायचा आणि डाव्या हातानं खायचा. रोज. तुम्हीच सांगा, ते समोर बघून घास गिळणारा पोरगा मातीत कसा उतरंल? गावचा वस्ताद एकदा बापाला म्हणाला हे पोरगं मला दे, बेळगावापर्यंत नाव करून दाखवतो, ते मी ऐकलं आणि तंबाखूच्या पाल्याच्या ढिगात जाऊन दडलो. शिंका आल्या. शिंकांवरनंच सापडलो. तवापासनं भोपळा. बाहेरनं एवढा थोरला, आत नुसत्या बिया.

लग्न बाविसाव्या वर्साला झालं. बायकू मिळाली ती खानापूरच्या पलीकडची, जांबोटीकडं जाताना रानाच्या तोंडाला एक गाव हाय तिथली, भाताचा मुलूख, पाऊस लागला की चार महिने उघडत न्हाय असला. एवढ्या लांबची कशी, तर गाठीच्या तापात, पिलेगात, तिचा बाप गेला, दोन्ही भाऊ गेले, आई आधीच गेलेली, आणि चुलत्यानं पोर उजवायची म्हणून जिथं जमलं तिथं दिली. तिचं नाव गौरा. ती असताना मी हे नाव कधी तोंडात घेतलं न्हाय, आमच्यात घेत न्हाईत. आता घेतो. दिवसातनं लई वेळा घेतो, ओ देणारं कोण न्हाय म्हणून घेतो.

आता गंमत बघा, भोपळ्याला बायकू मिळाली ती वस्तादाची लेक. तिच्या बापाची तालीम हुती गावात. बाई माणसानं तालमीत पाय टाकायचा न्हाय, पण ही बाहेरच्या कट्ट्यावर बसून दारातनं सगळं बघायची, तालमीच्या मातीत घालायचं ताक घुसळायची, हळद कुटायची. आमच्या घरात आली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाली, तुम्ही चालताना टाच उचलता. म्हटलं, मग? म्हणाली, भिणारा माणूस तसा चालतो. चौदा वर्सांची पोर! हणमा पलीकडनं हसला.

आणि मग सुरू झालं तिचं यल्लूअण्णा. तिच्या बापाचा हा सगळ्यात लाडका पठ्ठ्या, यल्लाप्पा त्याचं नाव, लहानपणी आई-बाप मेलेला, तालमीतच झोपायचा आणि हिच्याच घरात जेवायचा. यल्लूअण्णा एका दमात पाचशे जोर मारायचा. यल्लूअण्णानं एकदा बुजलेला रेडा शिंगाला धरून थांबवला. यल्लूअण्णाचं कान मुरलेल्या पैलवानाचं असत्यात तसं पुरीसारखं फुगून मोडलेलं. भाकरी थापताना यल्लूअण्णा, पाणी आणताना यल्लूअण्णा. मी म्हटलं, तुझा कोण लागतो तो? भाऊ, म्हणाली. म्हटलं, कुठल्या आईचा? तशी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, वस्तादाची लेक तालमीतल्या सगळ्या पोरांची भण असती, त्यात विचारायचं काय? मी काय तालमीतला माणूस न्हवं. अण्णा म्हटल्यानं कोण अण्णा होतो व्हय, असं माझं मन. मास्तर, जळलं म्हंजे काय जळलं सांगू? मी परड्यात जाऊन भिंतीला कान घासायचो. व्हय, खरं सांगतो. दगडाच्या भिंतीला कान घासून घासून रगत काढलं, म्हटलं माझंबी मोडू देत. तिनं बघितलं. रात्री कानाला लोणी लावलं आणि म्हणाली, कान भिंतीनं मोडत न्हाईत.

पहिल्या दिवाळीला तो भाऊबीजेला आला. बेळगावापर्यंत आगगाडी, तिथनं कुणाकुणाच्या गाडीत बसून, काही चालत. दारात उभा ऱ्हायला तर उजेड कमी झाला घरातला. पोहे आणलेले, नारळ आणलेला, आणि खण. खाली मान घालून बोलायचा, आवाज बारीक, कानडी मिसळून. मी म्हटलं, हा व्हय तो? तिनं पाट मांडला, ओवाळलं, कुंकू लावलं, आणि तिचं डोळं भरलं. मी दाराच्या आडाला उभा राहून बघतोय. आणि मग ती हसली. काय तरी त्यानं सांगितलं, बापाच्या तालमीतलं, आणि ती पदर तोंडाला लावून हसली, अशी माझ्यासमोर एकदाबी हसलेली न्हाय. ते हसणं माझ्या पोटात गेलं ते अजून बाहेर आलं न्हाय.

गावबी काय गप बसतंय का? चावडीवर म्हणाले, काय भोपळ्या, पैलवान उतरलाय म्हणं घरात, तुझ्या बियांना पाणी घालायला आला काय? मी घरी आलो. तो गेलता तवा. मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला तो ह्या दारात यायचा न्हाय. ती म्हणाली, का? म्हटलं, असंच. ती म्हणाली, माझं माहेर म्हणून तेवढाच उरलाय. आणि मी म्हटलं, तुझं माहेर मेलं.

हे लिवा. मी म्हणालो हे. पंचवीस वर्साच्या आतला हुतो, पण तोंड माझंच हुतं.

ती उठली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं, आणि पाठ माझ्याकडं ठेवूनच म्हणाली, त्याला मातीत चीत करा. त्याची पाठ मातीला लावून दाखवा, मग मी माझ्या हातानं हे दार त्याला बंद करते. शब्द माझा. ती रागानं बोलली. तिला ठावं हुतं मी तालमीच्या दारापर्यंतबी जायचा न्हाय. पण शब्द म्हंजे शब्द, वस्तादाच्या घरातला, आणि मी तो धरला.

धरला खरा, पण पाय? तीन दिवस पहाटं उठून तालमीपर्यंत गेलो आणि उंबऱ्यावरनं माघारी आलो. आतनं पोरांच्या मांड्यांवर थापा मारल्याचा आवाज यायचा आणि मला हणमाचं कोपर ऐकू यायचं. चौथ्या दिवशी ती पाणी तापवत हुती, मी आलो तसा म्हणाली, झालं? मी म्हटलं, पोटात दुखतंय. ती म्हणाली, लढायला जाऊ नका. माती उकरायला जावा. म्हटलं, म्हंजे? म्हणाली, तालमीतली माती रोज खोऱ्यानं उकरावी लागती, पोरं कंटाळा करत्यात, वस्तादाला सांगा मी उकरतो म्हणून. तंबाखूत जन्मभर उकरताय, मातीला काय भ्यायचं?

तसा मी गेलो मास्तर, खोरं घेऊन गेलो. गडी म्हणून गेलो. दोन महिने नुसती माती उकरली, तिच्यात काव टाकली, तेल टाकलं, तिनं घुसळून दिलेलं ताक टाकलं, लिंबं पिळली, पायानं मळली. बारा-बारा वर्सांची पोरं हसायची, भोपळा आला, भोपळा आला. पण माती उकरता उकरता माझं पाय तिथं ऱ्हायला शिकले. घरी आलो की अंगाला तो ताक-हळदीचा वास, आणि ती जवळनं जाताना जरा थांबायची. तो तिच्या बापाच्या घराचा वास. मला तवा कळलं न्हाय, मी म्हटलं ती यल्लाप्पाला आठवती. जळायला मला काय बी पुरायचं.

मग पडायचं शिकलो. हे कुणी शिकवलं? तिनंच. परड्यात हरभऱ्याच्या भुसकटाचा ढीग हुता, ती जोंधळ्याचं धाट हातात घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, पडा. मी पडायचो. हात टेकायचा न्हाय, ती म्हणायची, आणि हात टेकला की धाटाचा फटका त्याच हातावर. तिची सासू, माझी आई, म्हणायची, अगं काय चाललंय हे, नवऱ्याला मारतीस? ती म्हणायची, आत्या, मारत न्हाय, पाडती. शेवटी एक दिवस हणमा आला, आपलं वाकडं कोपर माझ्या हातात दिलं. म्हणाला, धर. मी पंधरा वर्सं त्या कोपराकडं बघत जेवलोय पण हात लावला नव्हता. धरलं. गाठीसारखं हाड, पण गरम, आपल्यासारखंच. हणमा म्हणाला, संतू, हे समोरच्या गड्यानं मोडलं न्हाय, मी पडायला भ्यालो आणि हात टेकला, म्हणून मोडलं. एवढं साधं. हे त्यानं मला आधी का सांगितलं न्हाय? मी विचारलं न्हाय म्हणून.

आता तुम्ही विचाराल, ती हे का करत हुती? मी जिंकलो तर तिचंच माहेर बंद. मीबी एकदा विचारलं. म्हणाली, चुकीचं उभं राहिलेलं मला बघवत न्हाय. बस. म्हशीचं दूध सगळं मला, तिला ताक. पोटुशी राहिली तरी दूध मलाच. आणि मी काय करायचो, जोर मारायचो आणि मोजायचो, एक यल्लाप्पा, दोन यल्लाप्पा, तीन यल्लाप्पा. तीनशे यल्लाप्पा झाले की उठायचो. तालमीत दुसऱ्या वर्साला हेबी बघितलं की आमच्या वस्तादाची लेक माहेरपणाला आली की सगळी पोरं उठून उभी राहत्यात, मान खाली, आणि आक्का म्हणत्यात. म्हंजे रीत तीच. खरी. मला ठावं झालं. तरी मी मानलं न्हाय. आतनं जळणाऱ्याला ठावं होऊन उपेग न्हाय मास्तर.

ह्या मधल्या दिवाळीलाबी तो आला, मी शेतावर जाऊन बसलो, शब्द पुरा झाला नव्हता म्हणून अडवता येईना. आणि त्याच्या पुढच्या जत्रंला मीच वस्तादाच्या मागं लागून यल्लाप्पाला सुपारी धाडली, म्हंजे कुस्तीचं आवतन. त्याला वाटलं असंल भणीच्या गावानं बोलवलं, खुशीत आला. फडात हात वर करून फिरला, जोडीला कोण उठंना, खानापुराकडचा नावाजलेला गडी तो, आणि मी उठलो. अख्खा फड हसला. भोपळ्या, बस खाली, भाजी व्हशील, असं कोण तरी ओरडलं. मी धोतर सोडून लंगोटावर आत गेलो. भ्यालो हुतो का? भ्यालो हुतो. पण पडायला भीत नव्हतो, त्याच्यापुढं बाकीचं भ्या मला पेलत हुतं.

सलामीला दोघं चिमूटभर माती घेत्यात आणि एकमेकाच्या हातावर टाकत्यात. त्यानं माती घेतली, वाकला, आणि माझ्या पायावर घातली. दाजी, म्हणाला. भणीचा नवरा म्हणून. लोकांनी व्वा व्वा केली आणि मला वाटलं हा मला भर फडात हिणवतोय. मी भिडलो. मास्तर, दगडी खांबाला मिठी मारल्यासारखं. मान दाबली तर ती तिथल्या तिथंच. मला दोनदा खाली घेतला आणि दोनदा वर येऊ दिला, हे मला तवाच कळत हुतं. मग मी ढाक मारली. ढाक म्हंजे समोरच्याचा हात आपल्या बगलंत आवळायचा आणि कंबर फिरवून त्याला पाठीवरनं फेकायचा, मला तेवढा एकच डाव नीट यायचा. हात आवळला, कंबर घातली, आणि त्या क्षणाला त्याचा खांदा सैल झाला. सैल झाला. मला बगलंत कळलं, जसा जू काढल्यावर बैल सैल होतो तसा. आणि तो पडला. चीत. आभाळाकडं बघत.

फड उठला. मला खांद्यावर घेतला, फेटा बांधला, नारळ दिला, आणि मी तो घेतला. सांगायला पायजे हुतं तिथंच, की हा आपणहून पडला. न्हाय सांगितलं.

घरी आलो. बायका फडात येत न्हाईत, ती घरातच, दिवस भरत आलेले. मी म्हटलं, झालं. तिनं फेट्याकडं बघितलं. विचारलं, कुठल्या डावावर? म्हटलं, ढाक. ती म्हणाली, यल्लाप्पा ढाकेला पडत न्हाय. बाबांनी त्याला पहिली तोड ढाकेचीच शिकवली, मी कट्ट्यावर बसून बघितलीय. मी म्हटलं, मग मी खोटं बोलतो व्हय? ती म्हणाली, न्हाय. पाठ लागली मातीला?

लागली.

मग झालं, म्हणाली, आणि माझ्या पायावर पाणी घातलं.

त्या दिवाळीला तो पोहे, नारळ, खण घेऊन आला. ती लेकीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. अण्णा, आता येऊ नको, एवढंच म्हणाली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. वस्तादाच्या घरातला माणूस, त्याला काय कळलं ते कळलं. खण आणि नारळ उंबऱ्यावर ठेवला, येतो म्हणाला, आणि गेला. येतो म्हणाला आणि तीस वर्सावर आला न्हाय.

ज्या बाईला भाऊ न्हाय ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळती. आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या भावाला पाटावर बसवायच्या आणि ही ताट घेऊन परड्यात जायची, भुसकटाच्या ढिगापाशी उभी राहायची, मान वर करून ताट फिरवायची. मी सोप्यातनं बघायचो. पहिल्या वर्साला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्सापासनं वाटायचं म्हणावं, बोलव त्याला. जीभ उचलायची न्हाय. कारण तो आला असता तर गावाला कळलं असतं मला जिंकवला त्यानं. मी पुढं कुस्त्या केल्या, चांगल्या केल्या, दहा-बारा वर्सं, खऱ्या मारल्या आणि खऱ्या खाल्ल्या, कानबी मोडले, हे बघा. गाव पैलवान म्हणायला लागलं. पण ती कधी म्हणाली न्हाय. ती मला कुस्तीहून आलो की एवढंच विचारायची, कुठल्या डावावर?

औंदा संक्रांत झाली आणि तिला ताप भरला. नऊ दिवस. माझी लेक चिकोडीत दिलीय, ती आली, आणि तिनं मला न विचारता खानापुराकडं कार्ड टाकलं, ते मला मागनं कळलं. नवव्या दिवशी पहाटं गेली. बायकांनी आंघोळ घातली, कुंकू लावलं, अहेव गेली, नवऱ्याच्या आधी, म्हणून मळवट भरला, आणि मग एक म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, माहेरचं लुगडं? आमच्यात अहेव बाई जाताना तिच्या अंगावर वरनं माहेरचं लुगडं घालत्यात, भावानं आणायचं. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी काय सांगणार? माहेर मीच मारलेलं. हणमा म्हणाला, शेजारच्यातनं आणू एखादं. लेक आत हुंदके देत हुती. आणि तवा सर्व्हिस मोटार फाट्यावर थांबली आणि एक म्हातारा वाटनं आला, एका डोळ्यात फूल पडलेलं, पाय ओढत, काखंत हिरवं लुगडं. ती नुसती आजारी हाय म्हणून आलता. जित्या भणीला नेसवायला आणलेलं लुगडं ते. दारात माणसं बघितली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. पस्तीस वर्सं झाली तरी थांबला मास्तर. म्हणाला, दाजी, आत येऊ का?

मी मान हलवली, ये म्हणून.

पंचांच्या देखत, बायांच्या देखत त्यानं ते लुगडं तिच्यावर घातलं, पायापासनं गळ्यापर्यंत, एकेक चुणी सरळ केली. ते काम भावाशिवाय कोण करू शकत न्हाय, मनात दुसरं काय असतं तर त्याचा हात तिथं चालला नसता, पाची पंचांनी चालू दिला नसता. माझ्या डोळ्यावरची पट्टी तवा गेली. आणि गेली तरी काय वाटलं सांगू? वंगाळ सांगायला बसलोय म्हणालो न्हवं. मला वाटलं, मी घेतलेलं लुगडं खाली आणि ह्याचं वर. माझ्या हातची अडतीस वर्सं खाली आणि ती चालली ह्याच्या कापडात. तिरडीला खांदा देतानाबी मी जळत हुतो.

तिचं दिवस झाले, तो आपल्या गावी गेला. वैशाखात परत आला, दोन फणस घेऊन, खांद्यावरनं. सोप्यात बसला आणि तिचं बोलायला लागला. ती पाच वर्सांची असताना ताकाच्या मडक्यात पडलेली. तिला पावसाळ्यात बेडकांचं भ्या वाटायचं. मला हे ठावं नव्हतं. बेडकाचं भ्या, आणि मला धाटानं मारत हुती! मी ऐकत ऐकत मधनंच म्हटलं, यल्लाप्पा, त्या दिवशी पडलास का? तो हसला. म्हणाला, दाजी, तुमच्या गावात, तुमच्या माणसांत, माझ्या भणीच्या नवऱ्याची पाठ मी मातीला लावू? मग घरी येऊन तिला तोंड कुठलं दाखवू? म्हंजे बघा मास्तर. ज्या रीतीनं तो भाऊ ठरत हुता त्याच रीतीनं तो पडला, आणि पडला म्हणून मी त्याला भाऊ राहू दिलं न्हाय.

मी उठलो. म्हटलं, चल परड्यात. तो म्हणाला, दाजी, वय काय, करताय काय? म्हटलं, चल, आणि खरं लढ, तुला तुझ्या वस्तादाची आण. हणमा काठी टेकत मागं आला, म्हणाला, दोन थेरडी, एकाचं तरी कोपर मोडणार आज. भुसकटाच्या ढिगावर उभं राहिलो. मी त्याचा हात बगलंत आवळला, तीच ढाक, कंबर घातली, आणि त्यानं काय केलं मला कळलंच न्हाय. गुडघा कुठनं आला, पाय कुठं गेला. मी उताणा. हात टेकला न्हाय, तेवढं अंगानं आपोआप ध्यानात ठेवलं. वर आभाळ, पाठीला भुसकट, आणि तो वरनं एका डोळ्यानं बघतोय, रडतोय आणि म्हणतोय, लागलं का दाजी, लागलं का? मी म्हटलं, हीच व्हय तोड? तो म्हणाला, हीच. मी म्हटलं, ती खरं सांगत हुती.

तर मी हरलो. तिनं अट घातलेली त्याची पाठ लागली तर दार बंद. लागली ती माझी. दार उघडं झालं. तिनं विचारलं असतं, कुठल्या डावावर, तर ह्या बारीला मी खरं सांगितलं असतं.

परवा पोरांनी चावडीवर झेंडा लावला, स्वराज्य आलं म्हणत्यात, मला पेढा आणून दिला, बरं झालं. माझं लक्ष दिवाळीकडं हाय. यल्लाप्पाला सांगितलंय ये म्हणून, लेक चिकोडीसनं येणार हाय, ती मामाला पाटावर बसवून ओवाळंल, परड्यातल्या चंद्राला औंदा कोण न्हाय. मी आता दाराच्या आड उभा राहणार न्हाय, समोर बसणार. आणि जळणार. तेवढं सुटत न्हाय मास्तर, तिची पहिली चौदा वर्सं त्याच्यापाशी हाईत आणि मला त्याच्याकडनं एकेक मागून घ्यावी लागत्यात, येईल तवा थोडी थोडी देतो. म्हणून रोज मारुतीला एवढंच म्हणतो, देवा, त्याला माझ्यापरास जास्त जगव. तो आधी गेला तर तिचं लहानपण मला सांगणार कोण?